नवी प्रणाली केव्हा घ्यावी?

संगणकाचे यंत्र राबविणारी जी मूळ आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. यंत्र आपण पैसे मोजून घरी आणतो. पण त्यातील प्रणाली जुनी केव्हा झाली, हे ती तयार करणारी कंपनी ठरविते. ज्या घरी एकच संगणक आहे, आणि त्यावरच मुलांचा अभ्यास, बँकेचा व्यवहार व कुटुंबाची छायाचित्रे आहेत, त्या घराने नव्या प्रणालीचा पुकारा ऐकताच धावावे काय? गेल्या तीस वर्षांचा इतिहास या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकतो.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी मायक्रोसॉफ्टची विंडोज ९५ विक्रीस आली, तेव्हा परदेशांत मध्यरात्री दुकाने उघडली आणि लोकांनी रांगा लावल्या. किमान ४ मेगाबाइट मेमरी पुरेल असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात तेवढ्यावर यंत्र रडतखडत चाले. सुखाने काम करावयाचे तर दुप्पट मेमरी लागे. किमान गरज म्हणजे यंत्र सुरू होण्यापुरती गरज, काम होण्यापुरती नव्हे, हे तेव्हाच दिसून आले.

पुढे २००१ साली आलेली विंडोज एक्सपी लोकांच्या अंगवळणी पडली. ३० जानेवारी २००७ रोजी तिच्या जागी व्हिस्टा आली. तिची किमान गरज ५१२ मेगाबाइट, आणि पडद्यावरची सारी सजावट हवी असेल तर १ गिगाबाइट. घरोघरची यंत्रे दमली. कित्येकांचे चालू प्रिंटर व स्कॅनर तिच्याशी जुळेनात. अखेर एक्सपी घातलेले संगणक विकण्याची मुदत कंपनीला वाढवावी लागली. मात्र २२ ऑक्टोबर २००९ रोजी आलेल्या विंडोज ७ चे स्वागत झाले. तिचा पाया बराचसा व्हिस्टाचाच होता. पण पावणेतीन वर्षांत यंत्रे बळकट झाली होती आणि प्रिंटरवाल्यांनीही आपली जुळणी पुरी केली होती. जे थांबले त्यांचे काही बिघडले नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची नवी आवृत्ती आली, तेव्हा काही जणांच्या स्वतःच्या फायलीच पुसल्या गेल्या. चार दिवसांत तिचे वाटप थांबवावे लागले आणि नोव्हेंबरात ती दुरुस्त होऊन पुन्हा आली. ज्यांनी फायलींची दुसरी प्रत वेगळी ठेवली होती, त्यांचे नुकसान टळले.

तर मग जुन्यालाच चिकटून राहावे काय? तसेही नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या विषाणूने दीडशेहून अधिक देशांतील संगणक ओलीस धरले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ पैकी निदान ८१ संस्थांना त्याची झळ पोचली. तेथील बाधित यंत्रांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होती, आणि तिची दुरुस्ती १४ मार्चलाच विनामूल्य मिळत होती. ती बसविण्याचे राहून गेले होते. त्याच छिद्राचा उपयोग करणाऱ्या दुसऱ्या विषाणूने जूनमध्ये आपल्या न्हावा शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम अडविले. म्हणजे दुरुस्ती आणि बदल या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुरुस्तीला उशीर करू नये. बदलाला घाई करू नये.

करार हाती आला की आम्ही प्रथम मुदतीचे कलम वाचतो. प्रणालीच्या बाबतीतही तेच करावे. एक्सपीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० च्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. या तारखा वर्षानुवर्षे आधी जाहीर होत्या. ही तारीख हाच खरा ठोका; जाहिरातीचा गजर नव्हे.

यात एक अन्याय मात्र आहे. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ने टीपीएम २.० ही सुरक्षाचिप आणि ठरावीक नवे प्रोसेसर यांची अट घातली. त्यामुळे धडधाकट चालणारी असंख्य यंत्रे अपात्र ठरली. विंडोज १० ला काही अटींवर वर्षभराची सवलत जाहीर झाली, पण ती सवलतच. हातपाय धड असलेल्या कामगाराला सक्तीने निवृत्त करावे, तसा हा प्रकार आहे. त्यावर सामान्यांच्या हाती असलेला एक उपाय म्हणजे लिनक्स. ही मोफत प्रणाली १९९१ पासून जगभरच्या लोकांनी मिळून वाढविली आहे, आणि तिच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रावरही चालतात.

तेव्हा घरच्यांनी एकत्र बसून चार गोष्टी पाहाव्यात: जुन्या प्रणालीची मुदत कधी संपते, आपले यंत्र नवी प्रणाली पेलेल काय, आपला प्रिंटर आणि रोजची कामे तीवर चालतील काय, आणि फायलींची दुसरी प्रत काढली आहे काय. नवी आवृत्ती आल्यावर काही महिने जाऊ द्यावेत, पण मुदत टळू देऊ नये. यंत्र आपल्या घामाच्या पैशाचे आहे. त्याच्या बदलाचा निर्णयही आपणच, माहिती घेऊन करावा, एवढेच आमचे सांगणे आहे.