टाकणखारापोटी जन्मलेली वीज

खदखदणाऱ्या डबक्याच्या काठावर चूल मांडायची, रानातली लाकडं तोडून आणायची आणि त्या जाळावर त्याच डबक्याचं पाणी आटवायचं! इटलीतल्या टस्कनीत १८१८ पासून काही वर्षं हा उद्योग चालला होता. चालवणारा होता फ्रांस्वा द लार्देरेल, लिव्हॉर्नो बंदरात व्यापारासाठी आलेला फ्रेंच माणूस. पायाखाली फुकटची आग असताना तो सरपणापायी कंगाल व्हायच्या बेताला आला होता.

त्याला हवं होतं बोरिक अ‍ॅसिड. टस्कनीच्या या भागातल्या डबक्यांत ते असतं, हे १७७७ मध्ये ह्यूबर्ट हॉफर या दरबारी औषधनिर्मात्यानं शोधलं होतं. त्यात सोडा मिसळला की टाकणखार तयार होतो. आपला सोनार डाख देताना लावतो तोच हा. धातू जोडायला आणि चिनीमातीच्या भांड्यांना झिलई चढवायला युरोपला तो भरपूर लागे. शतकानुशतकं तो यायचा तिबेटच्या सरोवरांकाठून: मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवरून हिमालय ओलांडून हिंदुस्थानात आणि तिथून जहाजानं पश्चिमेला. इतक्या लांबून येणारा माल घराशेजारी मिळतोय म्हटल्यावर लार्देरेलनं लाकडाचा खर्चही सोसला.

१८२७ मध्ये त्यानं चूल विझवली. डबक्यावर विटांचा बुटका घुमट बांधला, वाफ त्यात कोंडली आणि नळानं आटवणीच्या भांड्यांखाली नेली. जमिनीच्या उष्णतेवर चाललेला कारखाना म्हणतात तो इथून सुरू होतो, आणि माझ्या मते खरी क्रांती हीच, दिवे-बिवे नंतरचे. पुढे भोकं पाडून जास्त वाफ काढू लागले. टस्कनीच्या ड्यूकनं १८४६ मध्ये वसाहतीला लार्देरेल्लो हे नावच देऊन टाकलं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतला टाकणखार बाजारात आला आणि इथला धंदा मंदावला. कारभार हळूहळू आला घराण्याचे जावई पिएरो जिनोरी कोंती यांच्या हाती. माल खपत नसला तरी वाफ येतच होती. ४ जुलै १९०४ रोजी त्यांनी वाफेच्या छोट्या इंजिनाला डायनॅमो जोडला आणि पाच बल्ब पेटवले. १९१३ मध्ये २५० किलोवॅटचं वीजकेंद्र सुरू झालं. त्यात मात्र जमिनीतली वाफ थेट टर्बाइनमध्ये सोडली नाही. तिच्याबरोबर येणारे वायू आणि क्षार लोखंड खातात; म्हणून तिच्या उष्णतेवर स्वच्छ पाणी उकळून ती दुसरी वाफ वापरली. ज्या ऐवजासाठी लार्देरेल आला, तोच आता यंत्राच्या मुळावर उठला होता.

हा ऐवज येतो कुठून? लार्देरेल्लोत लाव्हा ओकणारा ज्वालामुखी नाही, पण गेल्या चाळीसेक लाख वर्षांत तिथं खोलवर वितळलेला खडक शिरत राहिला आणि थिजून ग्रॅनाइट झाला. शिलारस थिजताना त्याचे स्फटिक बनतात. पाणी, क्लोरीन, गंधक, बोरॉन यांना त्या स्फटिकांत फारशी जागा नसते. उरलेलं हे तापलेलं पाणी तांबं, चांदी, सोनं विरघळवून भेगांतून वर निघतं. वाटेत ते निवतं, दाब उतरतो, वरून मुरलेलं पावसाचं पाणी भेटतं. मग धातू गारगोटीच्या शिरांत साचतात. वाट बंद असेल आणि दाब वाढत गेला, तर छप्पर उडतं. खाण, वाफ, स्फोट: तिन्हींचं मूळ एकच. या भागाच्या टेकड्यांत प्राचीन एट्रुस्कन लोकांनी तांबं-चांदी खणली होती, आणि आपल्या लडाखच्या पुगा खोऱ्यातही गरम झरे नि टाकणखार शेजारी-शेजारीच सापडतात.

हे नातं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात डोळ्यांनी पाहायला मिळालं. सॉल्टन सी तलावाजवळ विजेसाठी खोदलेल्या विहिरीतून अतिखारट गरम पाणी आलं आणि चाचणीच्या काही महिन्यांत पाइपांच्या आत काळं कीट धरलं. खरवडून तपासलं तर त्यात भरपूर तांबं आणि चांदी! खनिज तयार होताना भूवैज्ञानिकाला सहसा पाहायला मिळत नाही, लाखो वर्षांनी नुसता साठा मिळतो. इथं पाइपच शीर झाला होता.

स्फोटाची बाजू आइसलँडनं दाखवली. क्राफ्ला इथं वीजकेंद्र उभारायला घेतलं आणि १९७५ च्या डिसेंबरात तिथला ज्वालामुखी जागा झाला. सप्टेंबर १९७७ मध्ये जमिनीखालून सरकणाऱ्या शिलारसाला शेजारच्या ब्यार्नारफ्लाग इथली विहीर आडवी आली. त्या भोकातून सुमारे तीन टन लाव्हा बाहेर उडाला. माणसानं वाफेसाठी केलेल्या वाटेनं उद्रेक!

त्याच क्राफ्लात २००९ मध्ये खोलवरची वाफ शोधायला खोदलेली विहीर २,१०० मीटरवर शिलारसातच घुसली. विहीर बुजवण्याऐवजी तिथल्या अभियंत्यांनी ती वाहू दिली आणि ४५० अंशांच्या आसपास तापलेली कोरडी वाफ मिळाली. पण तीही एकटी नव्हती. तिच्यात आम्ल होतं नि विरघळलेली सिलिका होती, शिरांतली गारगोटी घडवते तीच. पोलाद झिजलं, नळ्यांत भुकटी साचली. २०१२ मध्ये झडप नादुरुस्त झाली आणि थंड पाणी ओतून विहीर विझवावी लागली.