नारायणगावच्या राहुट्या : लोकरंजनाचे आपले संमेलन

अमेरिकेतील महाविद्यालयीन ग्रंथालये आता चित्रकथा, खेळ आणि कथाकथन यांची संमेलने भरवतात. या परंपरेचा आरंभ बहुधा १९३९ च्या न्यूयॉर्कमधील पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनापासून सांगितला जातो. सॅन दिएगोचे कॉमिक-कॉन १९७० चे. भारतात कॉमिक कॉन २०११ साली दिल्लीत आले. हे सारे आपल्याला परके वाटते. परंतु पुणे-नाशिक मार्गावरील जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावी लोकरंजनाचे असेच एक संमेलन दरवर्षी भरते. आजचा धागा त्याविषयी.

गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाचे फडमालक येथे राहुट्या ठोकतात. बाहेर फडाच्या नावाचा फलक, आत व्यवस्थापक आणि वही. गावोगावच्या यात्रा समित्यांची मंडळी एकेका राहुटीत डोकावतात : यंदा वग कोणता, नर्तिका किती, सोंगाड्या कोण? घासाघीस होते, विसार दिला जातो, सुपारी ठरते. भाव ठरवते ती तिथी. चैत्री पौर्णिमा वा कालाष्टमीला अनेक गावांच्या यात्रा एकाच रात्री येतात, म्हणून त्या रात्रीचा फड महाग. पुणे, नगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांतील गावकऱ्यांना हे ठिकाण सोयीचे, हे या बाजाराचे एक साधे कारण.

खेळही याच यात्रांचा भाग. जुन्नर-आंबेगावात दिवसा घाटात बैलगाड्यांच्या बाऱ्या आणि रात्री तमाशा, अशी जोडी असते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ च्या निकालाने ती कायम झाली. मधल्या सात वर्षांत यात्रांचे दिवस ओके झाले, रात्रीचा भार तमाशावरच राहिला.

आता कथाकथनाकडे. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग, हा तमाशाचा क्रम. रंगबाजीत चित्रपटगीते शिरली म्हणून नाके मुरडणारे अभ्यासक आहेत. मला त्यात नवल वाटत नाही. प्रेक्षकांना काल जे आवडले ते आज मंचावर आणणे हाच या कलेचा स्वभाव. वग मात्र सलग कथा. उमाजी सावळजकरांचा ‘मोहना बटाव’ (१८६५) हा पहिला वग मानला जातो. काळू-बाळू या कवलापूरच्या जुळ्या भावांचा ‘जहरी प्याला’ दूरदूरच्या खेड्यांना परिचित होता. वगाचे कथानक ठरलेले असले तरी संवादांचा मोठा भाग नट जागीच रचत. गावातल्या सावकाराची खोड, नुकतीच झालेली निवडणूक, सारे त्यात येई.

नारायणगावचे नाव ज्यांच्यामुळे सर्वदूर गेले त्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५-२००२). वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडात त्या वाढल्या. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. भर प्रयोगात मंचामागे बाळंत होऊन त्या पुन्हा प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्या, ही हकीकत आजही सांगितली जाते. अखेरचे दिवस मात्र हलाखीत गेले. २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते.

मुद्दा आहे तो ग्रंथालयांचा. जुन्नरचा इतिहास म्हटले की नाणेघाटातील शिलालेख, लेण्याद्री, शिवनेरी यांवर कपाटे भरतात. मांग, महार, कोल्हाटी कलावंतांनी रात्रभर रचलेले संवाद छापले गेले नाहीत. ते नटांच्या स्मरणात आणि फडाच्या जीर्ण वह्यांत राहिले. एक जुना सोंगाड्या गेला की त्याची बतावणीही जाते. महाविद्यालयीन ग्रंथालयाने असे संमेलन भरवायचे तर पहिले निमंत्रण राहुटीत द्यावे, सोबत ध्वनिमुद्रक न्यावा आणि मानधनाचे पाकीटही.

२५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि यात्रांच्या सुपाऱ्या बुडाल्या. पुढचा हंगामही गेला. २०२२ च्या पाडव्याला नारायणगावात पुन्हा फलक लागले, तेव्हा काही फडांतले कलावंत शेतमजुरीवरून परतले होते आणि काही परतलेच नव्हते.