ईदकार्डाचा पोशाख

मराठीत 'खलिता' म्हणजे पत्र, तेही सरकारी किंवा वजनदार. मूळ अरबी 'खरीता' या शब्दाचा अर्थ मात्र पिशवी. मोगल काळात आणि पुढे संस्थानी दरबारांतही राजेरजवाड्यांची पत्रे किनखाबाच्या किंवा रेशमाच्या पिशवीत घालून, दोरीने बांधून, मोहोर लावून रवाना होत. पिशवीचे कापड पाहून पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मान समजे. मराठीने पिशवी टाकून दिली आणि आतल्या कागदालाच तिचे नाव ठेवले.

आतला कागदही नटलेला असे. सोन्याचा वर्ख चुरून शिंपडलेल्या कागदाला 'जरअफशां' म्हणत. आणि नवरीच्या भांगात, कपाळावर जी सोनेरी चमक लावतात, तिलाही उर्दूत 'अफशां'च म्हणतात. शुभेच्छेचा कागद आणि सणाचा पोशाख यांचे नाते आपल्याकडे असे जुने आहे.

हे आठवायचे कारण म्हणजे ईदकार्डाबद्दल नेहमी ऐकू येणारी दोन मते. काहींच्या मते ईदकार्ड ही ख्रिसमस कार्डाची नक्कल, म्हणजे गोऱ्यांची फॅशन. दुसरे म्हणतात, ही आपली जुनी तहजीब होती, मोबाइलने ती संपवली. मला दोन्ही मते अर्धीच पटतात. ईदकार्ड खरोखरच विलायती फॅशनच्या पोटी आले. पण आपल्या घरांत आल्यावर त्याचे जे झाले, ते करणाऱ्या हातांची दखल कोणी फारशी घेतलेली नाही.

आधी विलायतेचे पाहू. 1840 मध्ये इंग्लंडात एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले आणि 1843 मध्ये हेन्री कोल यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून पहिले छापील ख्रिसमस कार्ड करून घेतले. ते दगडावर छापलेले होते, पण रंग हाताने भरलेले. अमेरिकेत 1847 च्या सुमारास एस्थर हाउलंड नावाच्या तरुणीने मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर गावात घरच्या घरी कार्डे करायला सुरुवात केली. कागदी लेस, रंगीत कागद, कापलेली फुले असा माल मांडून तिने मैत्रिणींना टेबलाभोवती बसवले. एकीने कापायचे, दुसरीने चिकटवायचे. झग्याच्या गळ्याला लागणारी लेस तिने कागदाच्या रूपात कार्डावर आणली.

कधीकधी उलटेही झाले. केट ग्रीनअवे या इंग्रज चित्रकर्तीने कार्डांवर आणि 1879 च्या 'अंडर द विंडो' या पुस्तकात मुलांना शंभर वर्षांपूर्वीचे झगे आणि टोप्या घातल्या. आयांना ते इतके आवडले की लंडनच्या लिबर्टी या दुकानात तसे कपडे विकायला आले. कार्डाने फॅशन केली, म्हणायचे.

हिंदुस्थानात 1854 मध्ये अर्ध्या आण्याचे तिकीट लावले की पत्र देशात कुठेही जाऊ लागले आणि 1879 मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. आगगाडी वाढत होती आणि नोकरी-धंद्यासाठी माणसे घरापासून लांब जात होती. ईदेला गळाभेट व्हायला हवी, ती होईना, म्हणून कागद पाठवायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत लाहोर, दिल्ली आणि मुंबईचे व्यापारी ईदकार्डे विकत होते. लाहोरचे हाफिज कमरुद्दीन अँड सन्स आणि मुंबईचे बोल्टन फाइन आर्ट लिथो वर्क्स ही त्यांतली दोन नावे.

या जुन्या कार्डांवर काबा आहे, मशिदी आहेत, चाँदतारा आहे. पण मी सगळ्यात जास्त वेळ पाहत बसतो ती वेगळीच कार्डे. त्यांवर एक युरोपीय बाई असते, पिसांची टोपी, आवळलेली कंबर, हातात फुले. युरोपच्या बाजारासाठी छापलेल्या या कार्डावर इकडच्या व्यापाऱ्याने वरून नस्तालिकमध्ये 'ईद मुबारक' आणि एखादा शेर छापलेला असतो. त्या बाईला आपण कुणाच्या ईदेला हजेरी लावतो आहोत याची कल्पनाही नसणार!

यात व्यापाऱ्याची बचत होती, हे उघड आहे. नवे चित्र काढून घेण्यापेक्षा तयार मालावर दोन ओळी छापणे स्वस्त पडे. पण मला वाटते, एवढेच कारण नसावे. पडद्यातल्या शरीफ घरची बाई कार्डावर दाखवणे त्या काळी कोणी खपवून घेतले नसते. आणि सण म्हटला की नटलेली बाई हवीच. मग परकी बाई आणली. तिच्या झग्यावर कोणाचा आक्षेप नव्हता, कारण ती कोणाची बहीण वा लेक नव्हती. ज्या घरात अशी कार्डे येत, त्या घरातल्या बायका त्यांकडे कशा पाहत असतील? मला वाटते, त्या बाहीचा कट पाहत असतील.

कारण शिवणाऱ्या बाईची नजर चित्रातही कापडच शोधते. राजा रविवर्मांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत गिरगावला सुरू झाला आणि त्याची चित्रे घरोघरी पोचली. लोकांनी ती नुसती भिंतीला टांगली नाहीत. चित्रातल्या देवीच्या साडीवर खरे कापड, जर आणि टिकल्या लावून कित्येकांनी ती सजवली. तशी चित्रे आज संग्रहांत जपलेली आहेत. त्यांवर छापखान्याचे नाव सापडते, पण टिकली लावणाऱ्या हाताचे सापडत नाही.

हाताने केलेले ईदकार्ड याच घराण्यातले. आमच्या घरी ते काम माझ्या मोठ्या फुफीचे होते. ती शिलाईची कामे घ्यायची. रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात मशीन रात्री सेहरीपर्यंत चाले आणि खाली कतरणांचा ढीग पडे. साटीन, ब्रोकेड, जाळी, गोट्याचे तुकडे. कार्डशीट दुमडून ती त्यावर घरारा चिकटवायची. पायजम्याचा गुडघ्यापर्यंतचा भाग सपाट कापडाचा आणि खालचा घेर पतंगाच्या कागदाच्या बारीक चुण्यांचा. जिथे दोन्ही भाग जुळतात तो जोड खऱ्या घराऱ्यात गोटा लावून झाकतात, तसाच ती कार्डावरही झाकायची. ज्याला घरारा आणि शरारा यांतला फरक कळत नाही, त्याने ते कार्ड पाहावे. शराऱ्याचा घेर कमरेपासून सुटतो, घराऱ्याचा गुडघ्यापासून.

त्या पोशाखात माणूस नसे, चेहरा, हात, पाय काहीच नाही. दादीला जिवंत जिवाची तस्वीर घरात चालत नसे, त्यामुळे बाजारचे नट्यांचे कार्ड आले की ते वहीत दडवावे लागे. बिनचेहऱ्याच्या घराऱ्यावर मात्र दादीने कधी बोट ठेवले नाही. मसलाही सुटला आणि फॅशनही झाली. ओढणी वाऱ्यावर उडावी तशी तिरकी चिकटवलेली असे, आणि आतली बाई ज्याने त्याने मनात उभी करायची.

फॅशन येई ती सिनेमातून. 'मुगल-ए-आझम' 1960 चा आणि 'मेरे मेहबूब' 1963 चा. 'मुगल-ए-आझम'नंतर घेरदार कुर्त्याला अनारकली हे नाव कायमचे चिकटले. 1965 च्या 'वक्त'मध्ये साधना अंगाबरोबर बसणारा कुर्ता आणि चुडीदार घालून आली आणि कॉलेजच्या मुलींनी शिंप्यांना सळो की पळो करून सोडले. तो पोशाख कोल्हापूरच्या भानू अथय्या यांचा. सिनेमात येण्याआधी त्या 'ईव्ह्ज वीकली'सारख्या मासिकासाठी फॅशनची चित्रे काढत, म्हणजे त्यांचीही सुरुवात कागदावरच्या कपड्यापासूनच झाली. त्यांना पुढे 'गांधी'साठी ऑस्कर मिळाले, ते सर्वांना ठाऊक आहे. फुफीने थिएटरात 'वक्त' पाहिला होता की नाही, मला माहीत नाही. तिच्या कार्डावरचा कुर्ता मात्र पुढे अंगाबरोबर बसू लागला.

अडचण पोस्टाची होती. छापील कार्ड उघड्या पाकिटात घालून वर 'बुक पोस्ट' लिहिले की कमी पैशांत जाई. गोटा-टिकल्यांच्या जाड कार्डाला तेवढे तिकीट पुरत नसे, ते नॉटपेड होई आणि घेणाऱ्याला दुप्पट भुर्दंड पडे. शिवाय शिक्का मारणाऱ्याचा हातोडा नेमका टिकल्यांवर बसे. म्हणून चांगली कार्डे पोस्टाने जातच नसत. गावी जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती, चाँदरातच्या आधी पोचतील या बेताने ती दिली जात. संग्राहकांच्या अल्बममध्ये ती दिसत नाहीत, याचे एक कारण हेच. त्यांच्यावर तिकीट नाही, तारीख नाही, प्रकाशकाचे नाव नाही.

आता चिंधीचा आणि कागदाचा आणखी एक संबंध सांगतो. हातकागद मुळात चिंध्यांचाच. जुने सुती कापड कुजवून, कुटून त्याचा लगदा करायचा आणि जाळीवर उचलायचा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात पिढ्यानपिढ्या हेच काम करणारे मुस्लिम कागदी राहतात. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा कागद करणारेही आले, असे तिथले लोक सांगतात. पुण्यात 1940 मध्ये के. बी. जोशी यांनी गांधीजींच्या प्रेरणेने हातकागद संस्था सुरू केली. आज अशा कागदावर लग्नपत्रिका आणि शुभेच्छापत्रे निघतात आणि शहरी दुकानांत चढ्या भावाने विकली जातात. त्या दुकानांत कागदात गुलाबाच्या पाकळ्या असतात, धागे असतात, कधी जरीचा तुकडाही असतो. मागे 'हँडमेड' असे छापलेले असते.

फुफीची सात कार्डे आमच्याकडे उरली आहेत. तिची खळ मैद्याची होती, त्यामुळे कसर लागली. पतंगाचा कागद उडाला, साटीनचा रंग टिकला, गोटा काळा पडला. तिघांवर आत काही लिहिलेलेच नाही. कोणाला पाठवायची ठरली होती आणि का राहिली, ते सांगणारे आता घरात कोणी नाही.