ओळखीचा पुरावा

रहस्यकथा म्हटली कीं वाचकाच्या डोळ्यांपुढें खून, पोलीस आणि चतुर गुप्तहेर उभे राहतात. बाबुराव अर्नाळकर यांच्या पुस्तकांनीं ही आवड मराठी घरांत आधींच रुजविली होती. परंतु १९६४ सालीं राजा परांजपे यांनीं ‘पाठलाग’ हा चित्रपट काढला, तेव्हां गुन्हेगाराच्या शोधाहून अवघड असा प्रश्न प्रेक्षकांपुढें आला. पति आपल्या पत्नीस खरोखर ओळखतो काय?

जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला होता. ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगांवचे शहाणे’ (दोन्ही १९५२) यांनीं महाराष्ट्रास पोटभर हसविणाऱ्या दिग्दर्शकानें येथें काळ्यापांढऱ्या छायाचित्रणांत विषादाचें वातावरण उभें केलें. नायक डॉ. काशिनाथ घाणेकर हे व्यवसायानें दंतवैद्य. ‘रायगडाला जेव्हां जाग येते’ या नाटकांतील संभाजीच्या भूमिकेनें ते १९६२ पासून लोकप्रिय झाले होते. नायिकेची भूमिका भावना यांची होती. गीतें ग. दि. माडगूळकरांचीं आणि संगीत दत्ता डावजेकरांचें.

कथानायक वकील आहे. त्याची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावलेली. पुढें तिच्यासारखीच दिसणारी एक स्त्री आरोपी म्हणून न्यायालयापुढें येते आणि आपणच त्याची पत्नी असें सांगते. चेहरा तोच, आवाज तोच. शिवाय दोघांखेरीज कोणास ठाऊक नसाव्यात अशा गोष्टीही तिला माहीत. एकीकडे पतीनें स्वतः पाहिलेला मृत्यु, दुसरीकडे तिच्या तोंडची संसाराची आठवण. न्यायालयास पुरावा हवा, पतीच्या मनास विश्वास हवा. तिला खोटी ठरविली तर कदाचित् जिवंत पत्नीवरच अन्याय होईल. खरी मानली तर मृत पत्नीच्या स्मृतीचा अपमान. प्रेमकथा आणि रहस्यकथा येथें एकच होऊन जातात. शेवटचें उत्तर येथें सांगितल्यास मात्र रसभंग होईल.

या चित्रपटास त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तीच कथा १९६५ सालीं तमिळमध्यें ‘इदय कमलम्’ या नांवानें आणि १९६६ सालीं हिंदींत ‘मेरा साया’ या नांवानें पडद्यावर आली. हिंदी आवृत्तीचे दिग्दर्शक राज खोसला. साधना आणि सुनील दत्त हे तिचे कलावंत. मदन मोहन यांच्या संगीतामुळें ती देशभर गाजली. तिच्यांत रंग आले, उदयपूरचें वैभव आलें; परंतु गाभा मराठी कादंबरींतलाच राहिला.

पुढच्या पिढ्यांस ‘मेरा साया’ची गाणीं पाठ आहेत, त्यांमागची ‘पाठलाग’ची कथा मात्र थोड्यांनाच ठाऊक. मूळ चेहरा विसरून छायेलाच खरें मानण्याची ही चूक माणसें पडद्याबाहेरही करतात. म्हणूनच ओळखीची परीक्षा घेणारी ही कथा मुळांत मराठींत लिहिली गेली, याची आठवण ठेवणें अगत्याचें आहे.