कुत्र्याचें वावडें

खाजवणारा कुत्रा दिसला कीं त्याचें निदान आपल्याकडे रस्त्यावरच होऊन जातें. “लूत लागली आहे,” असें म्हणून मोठीं माणसें दोन पावलें दूर सरतात व त्याच्या अंगास हात न लावण्याविषयीं मुलांना बजावतात. ‘लूतभरा’ हा शब्द तर रोगवाचक न राहतां शिवीच होऊन बसला आहे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं आमच्या घरीं खंड्या नांवाचा एक गांवठी कुत्रा होता. तिसऱ्या वर्षीं तो पंजे चाटूं लागला, कान खाजवून रक्तबंबाळ करूं लागला, आणि पोटावरचे व कांखेंतले केस झडून त्याची कातडी लालभडक झाली. आम्हीही लुतीचेंच निदान केलें. गंधक झाला, करंजेल झालें, कडुनिंबाच्या पाल्याचें पाणी झालें. चार दिवस बरें वाटे आणि पांचव्या रात्रीं पलंगाखालून पुन्हां खसखस ऐकूं येई. शेवटीं ज्या पशुवैद्यांकडे त्याला नेलें त्यांनीं कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली, पिसवांसाठीं केस विंचरून पाहिले, आणि मग विचारलें, “हा खातो काय?”

आईला या प्रश्नाचा थोडा रागच आला. रोज संध्याकाळीं ती स्वतःच्या हातानें त्याला दूधभाकरी कुसकरून घालीत असे. खाज अंगाला आणि चौकशी जेवणाची, हा काय प्रकार, असें तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतें.

तिचें आश्चर्य अस्वाभाविक नव्हतें. हा प्रश्न नीट विचारतां येण्यास वैद्यकालाही फार काळ लागला आहे. आपल्या आयुर्वेदानें दूध व मासे यांसारखा विरुद्धाहार हें त्वग्रोगाचें एक कारण मानलें होतें, हें खरें. परंतु तेथें दोष आहे तो दोन पदार्थांच्या संयोगाचा. जें अन्न दहाजणांस पोसतें त्याच अन्नानें अकराव्याचेंच अंग कां पेटावें, हें कोडें निराळें आहे. युरोपांत तर 1687 सालीं बोनोमो या इटालियन वैद्यानें खरजेचा बारीक जीव सूक्ष्मदर्शकानें पाहून त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. गरीब बायका आपल्या मुलांच्या फोडांतून सुईच्या टोंकानें कांहींतरी काढतात, हें त्याच्या लक्षांत आलें होतें. शोध मोलाचा होता, आणि कुत्र्याच्या लुतीच्या मुळाशींही असेच किडे असतात हें पुढें सिद्ध झालें. पण खऱ्या शोधाचीही एक बाधा असते. एकदां खाजेचा किडा सांपडल्यावर प्रत्येक खाजेंत लोक किडाच पाहूं लागले, आणि ज्या कुत्र्याच्या अंगावर किडा नव्हता त्यालाही गंधकाचीं स्नानें घडूं लागलीं.

कोड्याची किल्ली अखेर सांपडली ती एका कुत्र्याच्याच मृत्यूंत. 1901 च्या जुलै महिन्यांत मोनॅकोचा राजा पहिला आल्बर्ट आपल्या ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ या जहाजांतून अटलांटिक महासागरांत निघाला. हा राजा स्वतः सागरविद्येचा अभ्यासक असे. त्याच्या बरोबर शार्ल रिशे व पॉल पोर्तिये हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ होते. समुद्राच्या पृष्ठावर तरंगणाऱ्या निळसर फिसॅलिया नामक प्राण्याच्या लांब तंतूंत जें विष असतें त्याची परीक्षा करण्याचें काम त्यांना सांगण्यांत आलें होतें. फ्रान्सला परतल्यावर तो प्राणी मिळेना, तेव्हां त्यांनीं खडकांना चिकटणारें समुद्रफूल घेऊन त्याच्या बाहूंचा ग्लिसरीनमध्यें अर्क काढला, आणि किती मात्रेनें कुत्रा मरतो हें मोजण्यास आरंभ केला. या प्रयोगांत जीं कुत्रीं वांचत तीं पुढच्या प्रयोगासाठीं ठेवून दिलीं जात.

त्यांतच नेपच्यून नांवाचा एक धिप्पाड, निरोगी कुत्रा होता. पहिल्या अल्प मात्रेनें त्याला कांहींही झालें नाहीं. बावीस दिवसांनीं, तो अगदीं ठणठणीत असतांना, त्याला तेवढीच मात्रा पुन्हां टोंचण्यांत आली. कांहीं क्षणांतच त्याला धाप लागली. त्याला पाय ओढवेनात, तो कुशीवर पडला, त्याला रक्ताची वांति झाली, आणि पंचवीस मिनिटांत तो मेला. विषाची संवय होऊन शरीर त्यास दाद देईनासें होतें, अशी त्या काळची समजूत होती. लस टोंचण्याचें तत्त्वच तें. येथें नेमकें उलट घडलें होतें. पहिल्या मात्रेनें शरीर सावध झालें नव्हतें, तर बिथरून बसलें होतें. 1902 च्या फेब्रुवारींत या दोघांनीं ही हकीकत विद्वत्सभेपुढें मांडली व ‘रक्षणाच्या उलट’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून या विकारास ‘ॲनाफायलॅक्सिस’ असें नांव दिलें. ग्रीक व्याकरणाप्रमाणें ‘अफायलॅक्सिस’ व्हावयास हवें होतें, पण तें कानाला गोड लागेना म्हणून हें घेतलें, असें म्हणतात. 1913 सालीं रिशे यास नोबेल पारितोषिक मिळालें. नोबेल व्याख्यानांत त्यानें नेपच्यूनचें नांव घेऊन ही सारी हकीकत सांगितली, ही गोष्ट त्याच्या बाजूनें नमूद करावीशी वाटते. प्रयोगशाळेंतल्या जनावरांना बहुधा क्रमांकच मिळतो.

यानंतर चार वर्षांनीं, 1906 सालीं, व्हिएन्नाचा बालवैद्य क्लेमेन्स फॉन पिर्के यानें या बदललेल्या प्रतिक्रियेस ‘ॲलर्जी’ हें नांव दिलें. आपल्या भाषेंत याला फार पूर्वींपासून एक घरगुती शब्द आहे, तो म्हणजे वावडें. पण वावडें त्वचेपर्यंत पोंचतें कसें? याचें उत्तर 1921 सालीं ब्रेस्लाउ येथील प्राउस्निट्झ व क्युस्टनर यांनीं दिलें. क्युस्टनर यास शिजविलेल्या मासळीचें वावडें होतें. त्याच्या रक्ताची लस प्राउस्निट्झनें आपल्या कातडींत टोंचून घेतली व दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं मासळीचा अर्क टोंचला. ज्याला मासळी खुशाल पचत होती त्याच्या अंगावर तेवढ्याच जागीं खाजरी गांधी उठली! वावडें रक्तांतून हिंडतें आणि त्वचेंत दबा धरून बसतें, हें प्रथमच डोळ्यांनीं दिसलें. रक्तांतला तो पदार्थ म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन-ई, हें ठरण्यास मात्र 1966-67 साल उजाडावें लागलें.

आतां या इतिहासांतली जी गोष्ट मला खटकते ती सांगतों. जें ज्ञान कुत्र्याच्या प्राणांवर मिळालें, तें त्याच्या कामीं येण्यास एक पिढी जावी लागली. माणसाचे दमा, शीतपित्त, मासळी-अंड्यांचीं वावडीं यांवर ग्रंथ निघाले. दाराशीं बसून अंग ओरबाडणारा कुत्रा मात्र लूतभराच राहिला. 1930 नंतर अमेरिकेंतील पशुवैद्यकीय मासिकांत कुत्र्यांच्या वावड्यांच्या नोंदी दिसूं लागल्या. 1941 सालीं विटिक या अमेरिकन डॉक्टरानें रॅगवीड या तणाच्या (हें आपल्या गाजरगवताच्याच कुळांतलें) परागांचें वावडें असलेल्या एका कुत्र्याचें वर्णन केलें. नेपच्यून मरून तेव्हां एकोणचाळीस वर्षें झालीं होतीं.

अन्नाच्या वावड्यावरचा उपायही माणसाकडूनच कुत्र्याकडे आला. कॅलिफोर्नियांतील डॉ. आल्बर्ट रो यांनीं 1920 नंतरच्या दशकांत ‘वर्ज्याहारा’ची पद्धत बसविली: संशयित पदार्थ सारे बंद करावयाचे, मोजक्याच पदार्थांवर राहावयाचें, आणि आराम पडल्यावर एकेक पदार्थ परत आणून पाहावयाचा. आजही कुत्र्याच्या बाबतींत यापेक्षां भरंवशाची दुसरी कसोटी नाहीं. रक्ताच्या, लाळेच्या वा केसांच्या तपासण्या विकल्या जातात, पण अन्नाच्या वावड्यापुरत्या त्या विश्वसनीय ठरलेल्या नाहींत. याचें एक कारण असें कीं, कुत्र्यांची अन्नजन्य खाज पुष्कळदां नेपच्यूनच्या झटपट मार्गानें न येतां संथपणें येते. कुत्र्यानें पूर्वीं कधींही न खाल्लेलें मांस व एखादें धान्य, किंवा ज्यांतील प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले असतात असें तयार अन्न, तेवढेंच त्यास आठ आठवडे द्यावयाचें. इतक्या अवधींत नव्वद टक्क्यांहून अधिक वावडेकरी कुत्र्यांना उतार पडतो, असें 2015 सालच्या एका परीक्षणांत दिसून आलें. पण मध्येंच बिस्किटाचा तुकडा किंवा गोड औषधी गोळी पोटांत गेली तर सारें मुसळ केरांत.

वावडें कशाचें असतें, याचेंही गणित झालें आहे. 2016 सालीं 297 कुत्र्यांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हां गोमांसाचें वावडें 34 टक्क्यांना, दुधादह्याचें 17 टक्क्यांना, कोंबडीचें 15 व गव्हाचें 13 टक्क्यांना आढळलें. या पदार्थांत मूळचें वाईट असें कांहींच नाहीं. जें रोज ताटांत असतें त्याचेंच वावडें जडण्याची संधि अधिक, एवढाच त्याचा अर्थ. लंडनमध्यें 1860 च्या सुमारास जेम्स स्प्राट यानें कुत्र्यांसाठीं तयार बिस्किटें काढलीं, तीं गहूं व गोमांस यांचींच होतीं. पुढें बोकडा-मेंढ्याचें मांस ‘नवें’ म्हणून पाश्चात्य पशुवैद्य देऊं लागले. तें गुणकारी म्हणून गाजलें, मग सरसकट डब्यांत भरून विकलें जाऊं लागलें, आणि नवें राहिलें नाहीं! अर्थात् खाजवणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचें ताट गुन्हेगार नसतें. पिसवा व घरांतली धूळ यांचा हिस्सा पुष्कळ मोठा असतो, आणि ते आधीं तपासल्यावांचून पथ्याला हात घालूं नये.

खंड्यासाठीं तांदूळ व मासळी ठरली. आमचें घर शाकाहारी; तेव्हां शेजारच्या काकूंनीं दोन महिने त्याची मासळी उकडून दिली. पांचव्या आठवड्यांत कानांच्या खपल्या गळल्या, सातव्यांत पोटावर लव दिसूं लागली. आठव्या आठवड्याच्या अखेरीस पशुवैद्यांनीं सांगितलें कीं आतां पुन्हां दूध घालून पाहा, त्याशिवाय दुधाचा दोष शाबीत होत नाहीं. यास आई तयार होईना. बरें झालेल्या जनावराला मुद्दाम खाजवावयास लावावयाचें, ही तिला कसोटी न वाटतां क्रौर्य वाटलें. आणि नेपच्यूनची हकीकत मला तेव्हां ठाऊक असती तर मीही बहुधा तिच्याच बाजूनें बोललों असतों. अखेर वाटी मींच पुढें केली. पांचव्या रात्रीं पलंगाखालून खसखस ऐकूं आली. आई अंधारांत उठून बसली व म्हणाली, “म्हणजे मीच घालत होतें त्याला.” कोणीच कांहीं बोललें नाहीं.

खंड्या त्यापुढें नऊ वर्षें जगला. संध्याकाळीं दूध तापल्याचा वास आला कीं तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसे, आणि आई त्याच्याकडे पाठ करून चहा गाळीत असे.