नवशिक्याची पहिली काठी

पिसांच्या माशीनें मासा धरण्याच्या विद्येंत नवशिक्याची पहिली अडचण पाण्याकांठीं येत नाहीं. ती दुकानांत येते. भिंतीशीं काठ्यांची रांग उभी असते, प्रत्येकीच्या मुठीजवळ कांहीं आंकडे लिहिलेले असतात, आणि त्यांतली कोणती उचलावी हें त्याला उमगत नाहीं. हे आंकडे काय सांगतात तें समजावयाचें, तर या काठीचा जुना प्रवास थोडा तरी पाहिला पाहिजे.

प्रथम माशीविषयीं. साध्या गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी लावतात आणि शिशाच्या तुकड्याच्या भारानें ती दूर फेंकतात. ट्राउट मासा मात्र पाण्यावर उतरणारे कीटक आवडीनें टिपतो. म्हणून बारीक गळावर लोकर व पिसें गुंडाळून त्याच्यापुढें कीटकाचें सोंग उभें करावें लागतें. या सोंगाला वजन असें जवळजवळ नसतेंच. हातानें भिरकावलेलें पीस जसें पायाशींच पडतें, तसेंच तेंही पडावयाचें. त्याला दूर नेतो तो दोरीचा भार, आणि दोरीला वेग देते ती लवून पुन्हां सरळ होणारी काठी.

इसवी सन २०० च्या सुमारास क्लॉडियस ईलियन या रोमन ग्रंथकारानें मॅसिडोनियांतील कोळ्यांची हीच युक्ति लिहून ठेवली आहे. ते गळाभोंवतीं तांबडी लोकर गुंडाळीत व कोंबड्याच्या गळ्याखालचीं दोन पिसें तिला जोडीत. काठी ६ फुटांची आणि दोरीही तेवढीच. रीळ नसल्यामुळें दोरी काठीच्या शेंड्यालाच बांधलेली असे, आणि काठी पोंचेल तेथपर्यंतच माशीचें राज्य!

इंग्लंडांत १४९६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें विंकिन द वर्ड या मुद्रकानें गळाच्या विद्येवरील एक निबंध छापला. डेम जुलियाना बर्नर्स नांवाच्या स्त्रीकडे त्याचें कर्तृत्व देण्याची रूढि आहे, पण तिला भक्कम आधार नाहीं. या निबंधांतील नवशिक्यापुढें दुकानाचा प्रश्नच नव्हता. त्यानें थंडीच्या दिवसांत रानांत जावें, हेझल किंवा विलो यांसारख्या झाडाची सरळ फांदी तोडावी, ती भट्टींत शेकून सरळ करावी, महिनाभर वाळवावी, मग तापलेल्या तारेनें आंतून पोकळ करावी. शेंड्याची बारीक काठी या पोकळींत लपवितां येई. त्यामुळें रस्त्यानें जाणारा गृहस्थ फिरायला निघाला आहे कीं मासे मारायला, हें शेजाऱ्यालाही कळत नसे. मासे धरण्याइतकीच ही लपवाछपवी लेखकाला प्रिय असावी! दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची, तीही घरींच वळलेली. स्वतः बनविलेली काठी कोठें लवते आणि कोठें ताठरते, हें त्या माणसाच्या हाताला आपोआप ठाऊक होई. विकतच्या काठीबरोबर हें ज्ञान मिळत नाहीं.

१६७६ सालीं चार्ल्स कॉटन यानें आयझॅक वॉल्टनच्या प्रसिद्ध ग्रंथाला माशीच्या विद्येचा भाग जोडला. त्याची काठी ५ ते ६ यार्डांची, म्हणजे १५ ते १८ फुटांची होती. दोरी शेंड्याला बांधलेली, तेव्हां दूर पोंचण्याला लांब काठीवांचून उपाय नव्हता. रिळाचा वापर वाढल्यावर दोरी हवी तेवढी सोडतां येऊं लागली आणि काठीची लांबी हळूहळू उतरली. पुढें गियानांतून येणारें ग्रीनहार्ट हें चिवट लांकूड मान्य झालें, परंतु तें जड; दिवसभर एका हातानें चालविणें म्हणजे मनगटाची परीक्षाच.

खरा पालट वेळूनें केला. १८४० नंतरच्या दशकांत पेनसिल्व्हेनियांतील ईस्टन गांवीं सॅम्युएल फिलिपी हा बंदुका व व्हायोलिनें बनविणारा कारागीर वेळूच्या कामट्या चिरून सरसानें जोडूं लागला. पुढें मेन प्रांतांतील हायरम लेनर्ड यानें सहा त्रिकोणी कामट्यांची षट्कोनी काठी यंत्राच्या साह्यानें बनवून ती कला व्यापारास आणली. बळकट धागे सालीलगत असतात, म्हणून साल बाहेर ठेवावयाची आणि आंतला मऊ गर काढून टाकावयाचा, हें त्यांतील मर्म. हें आपल्याकडील बुरुडालाही पटण्यासारखें आहे. आणि तो वेळू होता हिंदुस्थानचा! कलकत्त्याच्या बंदरांतून निघे म्हणून अमेरिकन कारागीर त्याला ‘कलकत्ता’च म्हणत.

पण त्यावर पुष्कळदां भाजल्याचे डाग असत. पुढें त्याहून सरळ व दाट धाग्यांचा ‘टोंकिन’ वेळू आला व कलकत्त्याचें नांव मागें पडलें. हें टोंकिन नांवही फसवें. तो वेळू दक्षिण चीनमधील ग्वांगडुंग प्रांतांत होतो. १९५० च्या डिसेंबरांत कोरियन युद्धापायीं अमेरिकेनें चीनशीं व्यापार तोडला आणि हा पुरवठा खुंटला. तो निर्बंध १९७१ सालीं उठला, परंतु तोंवर कांचतंतूंच्या स्वस्त काठ्यांनीं बाजार घेतला होता. १९७३ सालीं फेनविक या अमेरिकन कंपनीनें कर्बतंतूंची काठी पुढें आणली. नवशिक्याच्या हातीं कोणती काठी पडावी, हें अशा रीतीनें पुष्कळदां नदीपासून हजारों मैल दूर ठरत आलें आहे.

आतां ते आंकडे. रेशमी दोऱ्यांच्या काळीं दोरीची जाडी अक्षरांनीं दाखवीत. नायलॉन व प्लॅस्टिकच्या दोऱ्या आल्या तेव्हां सारख्या जाडीच्या दोऱ्यांचें वजन वेगवेगळें भरूं लागलें. म्हणून १९६० नंतर लौकरच अमेरिकन उत्पादकांनीं दोरीच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून क्रमांक ठरविले. ५ क्रमांकाच्या दोरीचा हा भाग १४० ग्रेन, म्हणजे सुमारें ९ ग्रॅम भरतो. काठीवरचा ५ हा आंकडा तिची प्रत दाखवीत नाहीं. तिला कोणती दोरी पेलते एवढेंच सांगतो.

तेव्हां क्रम उलटा धरावा: आधीं मासा व पाणी, मग दोरी, आणि शेवटीं काठी. मध्यम नदींतील ट्राउटसाठीं ९ फुटांची, ५ क्रमांकाची काठी नवशिक्याला चालते. झुडपांत दडलेल्या लहान ओढ्यासाठीं त्याहून आंखूड व हलकी बरी. फार ताठ काठीची विक्रेते स्तुति करतात, पण नवख्या हाताला तिच्यांतून दोरीचा भार जाणवत नाहीं. मध्यापर्यंत लवणारी काठी तो जाणवूं देते आणि चूकही पोटांत घालते. पैसे वांचवावयाचे तर काठीच्या दिमाखांत व रिळांत वांचवावेत. दोरीवर वांचवूं नयेत.

अशी काठी घेतल्यावरही पहिले कांहीं दिवस नदी नको. मोकळें हिरवळीचें मैदान पुरे. तेथें दोरीच्या टोंकाला गळ बांधीत नाहींत. मॅसिडोनियांतील कोळ्यांप्रमाणेंच लोकरीचा एखादा भडक रंगाचा झुपका बांधतात आणि तो गवतावर अलगद उतरेपर्यंत फेंकीत राहतात.