जुन्या मोटारीचा कॅमशाफ्ट : निवड आणि जोडणी

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातील झडपा उघडणारा दांडा. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत तो एक फेरी घेतो. झडप कधी उघडणार, किती उचलली जाणार आणि किती वेळ उघडी राहणार, हे सगळे त्यावरच्या उंचवट्यांच्या आकारावर ठरते. हा आकार बदलून जुन्या इंजिनाची ताकद वाढवता येते. मात्र जुन्नर-आंबेगावसारख्या घाटांच्या मुलखात ती भलत्याच वेगाला वाढली, तर गाडी पूर्वीपेक्षा दुबळी होते.

प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट ११०० डिलाइट पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी पोचली. तिच्या चार सिलिंडरांचा व्यास ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, क्षमता १,०८९ घनसेंमी आणि ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये खाली बसतो आणि टॅपेट, पुशरॉड व रॉकर यांच्यामार्फत वरच्या झडपा हलवतो. चाळीसच घोडे म्हटल्यावर वाढीव कॅमचा मोह साहजिक आहे.

वेगात असलेल्या इंजिनात आत येणाऱ्या मिश्रणाला स्वतःची गती असते. पिस्टन तळाला जाऊन वर निघाला तरी ते आत घुसत राहते, म्हणून शर्यतीच्या कॅममध्ये इनलेट झडप उशिरा मिटते. फेरे कमी असले की हाच उशीर नडतो, कारण वर येणारा पिस्टन तेच मिश्रण कार्ब्युरेटरकडे परत ढकलतो. मग आयडलिंग धडधडते, पिकअप मरतो. माळशेजच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, किंवा मंचर-घोडेगावहून भीमाशंकरकडे चार माणसे घेऊन जाताना इंजिन बहुतेक वेळ मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांतच राबत असते. त्यात समुद्रसपाटीपासून सातशे मीटरवर हवा सहा-सात टक्के विरळ होते, म्हणजे मूळ ताकदीलाही तेवढी कात्री लागलेली असते.

त्यामुळे इथे योग्य कॅम तो, जो झडप थोडी जास्त उचलतो पण उघडी ठेवण्याचा काळ फारसा लांबवत नाही. कॅमच्या पत्रकात हा काळ क्रँकच्या फेरीच्या अंशांत दिलेला असतो; ते अंश वाचतानाही सावध राहावे. काही कारागीर झडप जागची हलल्यापासून मोजतात, काही १.२७ मिमी उचल झाल्यापासून. एकच कॅम दोन पत्रकांत चाळीस-पन्नास अंशांनी वेगळा दिसू शकतो. जुन्या महिंद्र जीपच्या हरिकेन इंजिनाबाबत तर हा मोह टाळलेलाच बरा. त्यात इनलेट झडपा वर, एक्झॉस्ट झडपा ब्लॉकमध्ये, स्ट्रोक लांब. त्याचा सगळा जोर दोन हजार फेऱ्यांच्या आसपास आहे आणि चिखलातून वर निघायला तोच लागतो.

नवा कॅम सहसा बिडाचा असतो. सोलापूरच्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या १९९२ मध्ये सुरू झालेल्या कंपनीची ओळखच चिल्ड बिडाच्या कॅमशाफ्टसाठी आहे. साच्यात उंचवट्यांच्या जागी धातूचे तुकडे ठेवतात. तिथे रस झटकन थिजतो आणि पृष्ठभाग कमालीचा कठीण होतो. जुन्या गाडीसाठी मात्र बहुधा मूळ कॅमच घासून नवा आकार देतात. घासताना तळवर्तुळ लहान होते, टॅपेट खाली बसतो आणि रॉकरचा स्क्रू पुरला नाही तर लांब पुशरॉड लागतात. कठीण थर किती उरला, हे घासणाऱ्याला आधी विचारावे.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीच्या मालकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात असावी लागते आणि इंजिनातील मोठा फेरफार तिच्या आड येतो. नवा कॅम घातला तर काढलेला मूळ कॅम तेल लावून, गुंडाळून जपावा.

जोडणीत टायमिंगच्या चाकांवरचे ठिपके जुळवून थांबू नये. चेन सैल झालेली असते, खाचा काही अंशांनी चुकलेल्या असतात. क्रँकवर अंशांची चकती व टॅपेटवर डायल गेज लावून इनलेट झडपेची सर्वोच्च उचल पत्रकातल्याच अंशाला येते का, ते पाहावे. मग पिस्टनच्या डोक्यावर प्लॅस्टिसिनचा गोळा ठेवून, हेड बसवून इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवावे आणि गोळा कापून जाडी मोजावी. इनलेटकडे किमान २ मिमी, एक्झॉस्टकडे अडीच मिमी अंतर हवे. पूर्ण उचलीला स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकता कामा नयेत.

टॅपेट नवेच घालावेत. जुन्या टॅपेटचा तळ जुन्या कॅमला सरावलेला असतो. तो नव्या उंचवट्याला पाहता पाहता खाऊन टाकतो. कॅमला मॉलिब्डेनमची पेस्ट, इंजिनात जस्त-फॉस्फरसयुक्त तेल. पहिल्या स्टार्टला इंजिन आयडलिंगवर सोडू नये, कारण कॅमवर उडणारे तेल बरेचसे क्रँकच्या फेऱ्यांतून येते. सलग वीस मिनिटे दोन हजार फेऱ्यांच्या वर ठेवावे, रेडिएटरच्या पाण्यावर नजर ठेवावी. त्यानंतर तेल व फिल्टर बदलून टॅपेटची फट फीलर गेजने पुन्हा बसवावी, आणि गाडी चढाला घालण्याआधी नारायणगाव-आळेफाट्याच्या सपाट रस्त्यावर चालवून पाहावी.